गाडीत बसा

"गाडीत बसा," म्हातारा म्हणाला, आणि रविवारच्या सकाळी सगळं खानदान चहाचे कप अर्धवट टाकून अंगणातल्या व्हॅनमध्ये चढायला लागलं.

या घरात मोठ्या गोष्टी गाडीतच ठरतात. पुढच्या खोलीत लॉन्ड्रीचा काउंटर, मधल्या खोलीत इस्त्रीची टेबलं, आणि मधे नावाला एक भिंत. घरात कुणी शिंकलं तरी काउंटरवरचं गिऱ्हाईक विचारायचं, सर्दी झाली का म्हणून. तेव्हा म्हाताऱ्यानं तरुणपणीच ही रीत पाडली. भांडायचं असेल तर गाडीत बसायचं, काचा वर करायच्या आणि निकाल लागल्याशिवाय उतरायचं नाही. ताईचं लग्न गाडीत ठरलं. दुकान थोरल्याच्या ताब्यात द्यायचं ते गाडीत ठरलं. मधला मुलगा गेल्यावर त्याच्या बायकोनं माहेरी जायचं की इथंच राहायचं, हेसुद्धा गाडीतच ठरलं. ती स्वतः तेव्हा मागच्या बाकावर बसून होती. तिला विचारलं नव्हतं, पण बसायला जागा दिली होती, आणि या घराच्या मानानं हेही काही थोडकं नव्हे.

आज तर गंमतच होती. गाडी विकायची की दुरुस्त करायची, हे गाडीतच बसून ठरवायचं होतं. आजाऱ्याच्या खाटेवर मांडी ठोकून त्याच्या मरणाची चर्चा करावी तसा प्रकार. पण आजच्या दिवस अंगणात खुर्च्या टाकू या, हे एवढ्या शहाण्या डोक्यांपैकी एकातही आलं नाही.

बसायचा क्रम ठरलेला. पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी, म्हातारा. त्याचा एक हात आणि एक पाय मागच्या वर्षी संपावर गेले ते परत कामावर आलेच नाहीत, त्यामुळे स्टिअरिंगमागं त्याला चढता येत नाही. पण म्हणून ती जागा दुसऱ्या कुणाला द्यायची? छे! बैठकीच्या वेळी ड्रायव्हरची सीट रिकामी ठेवायची, म्हाताऱ्याचा मान म्हणून. मधल्या बाकावर थोरला, त्याची बायको आणि ताई. त्यांच्या मागं आडवातिडवा पसरलेला धाकटा. आणि अगदी शेवटी, हॉटेलच्या चादरींच्या गठ्ठ्यांना टेकून, गेलेल्या मधल्याची बायको, म्हणजे मधली. सोमवार ते शनिवार ही गाडी चालवते कोण? मधली. रविवारी बैठकीत तिची जागा कुठं? मालात.

"काचा," म्हातारा म्हणाला. काचा वर झाल्या.

थोरल्यानं घसा साफ केला. "गॅरेजवाल्यानं काय सांगितलं ते सगळ्यांना माहीत आहे. क्लच गेलाय. खालचा पत्रा गंजून चाळणी झालाय. म्हणाला, खर्च करा नाहीतर विका, पण असं लटकत ठेवू नका. माझं मत विचाराल तर..."

"तुझं मत न विचारताच येतं," म्हातारा म्हणाला.

"बाबा, आजकाल स्वतःची गाडी कोण ठेवतं? भाड्याचा टेम्पो सांगायचा. तो येईल, माल नेईल, माल आणेल. आपण काउंटरवर बसायचं. दुकान जरा चकाचक करायचं."

वर्षानुवर्षं थोरला 'चकाचक' म्हणत आला होता आणि आजवर त्यानं फक्त काउंटरवरची घंटी बदलली होती. खरी गोष्ट वेगळीच होती. थोरल्याला गाडी चालवता येत नव्हती. ऐन पंचविशीत त्यानं एकदा हीच व्हॅन मागं घेताना दुकानाच्या पायऱ्यांवर चढवली, आणि म्हाताऱ्यानं चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या हातातून किल्ली काढून मधल्याच्या हातात दिली. त्या दिवसापासून मधला बापाच्या शेजारी बसला आणि थोरला काउंटरमागं. मधला आता या जगात नव्हता, पण गाडी होती, आणि रोज सकाळी तिचा आवाज आला की थोरल्याच्या कानशिलात ती किल्ली पुन्हा वाजायची. राग गाडीचा नव्हताच. पण मेलेल्या भावाचा राग धरणं बरं दिसत नाही, म्हणून बिचारा पत्र्यावर काढत होता.

"दादा, काय बोलतोस तू!" ताई म्हणाली. ताई मुख्याध्यापिका. घरातसुद्धा ती मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं बोलते. "ही नुसती गाडी नाही. हे आपलं बालपण आहे. आपल्या आठवणी आहेत यात."

ताईला बालपण आठवायची वेळ ठरलेली असे. तिला कपाट हलवायचं असलं, शाळेच्या समारंभाला खुर्च्या न्यायच्या असल्या, किंवा घर बदलायचं असलं, की आदल्या दिवशी तिचा फोन यायचा आणि बालपणाला सुरुवात व्हायची. मधली गाडी घेऊन जायची, कपाट हलवायची, आणि ताई दारातूनच म्हणायची, "चहा घेतला असतास, पण तू घाईत दिसतेस."

"बरोबर बोलली," म्हातारा म्हणाला. "दुरुस्त करा. संपलं."

"संपलं कसं?" थोरली म्हणाली. थोरल्याची बायको बैठकीत पहिल्यांदा बोलली की समजायचं, आता खऱ्या विषयाला हात लागला. "मामंजी, तुमचा शब्द मोडत नाही मी. पण एक सांगते. माझी कंबर गेली आहे. सकाळी तुम्हाला उठवायचं, न्हाणीत न्यायचं, भरवायचं, पाय चोळायचे, पुन्हा झोपवायचं. माझ्या हाताला आता त्या मलमाचा वास येतो, साबणानं जात नाही. मी कधी तोंड उघडलं का?"

"आत्ता उघडलंच की," धाकटा मागून म्हणाला.

"तू गप्प बस." थोरलीचा आवाज चढला. तिचं खोटं नव्हतं. मन लावून केलं होतं तिनं, आणि थकली होती. पण थकलेल्या माणसानं ओझं उतरवायचं कुणाच्या डोक्यावर, हा प्रश्न राहतोच. शेजारी नवरा बसला होता, धडधाकट, दिवसभर घंटी वाजायची वाट बघणारा. बाप त्याचा. पण नवऱ्याला सांगून त्याचं तोंड बघण्यापेक्षा जावेला जुंपणं सोपं, हे थोरलीनं कधीच हेरून ठेवलं होतं. "मी काय म्हणते, गाडी विकली की मधली मोकळी. दिवसभर घरीच. मग मामंजींचं सगळं तिच्याकडे. मायेनं करेल हो ती, तिच्याइतका जीव कुणाला आहे त्यांच्यावर?"

म्हणजे ही गोम होती तर. मधल्या बाकावरून विकायचा विषय निघाला होता तो टेम्पोसाठी नव्हता आणि चकाचकसाठीही नव्हता.

ताई वळून बसली. "वहिनी, हे काही बरोबर नाही हं. तिचं फिरणं बंद करून तिला खोलीत कोंडायचं? मला नाही पटत."

"नाही पटत? मग दुसरा मार्ग आहे ना," थोरली अगदी गोड आवाजात म्हणाली. "मामंजींना थोडे दिवस तुमच्याकडे हवापालट. वर्षाचे तीन-चार महिने. तुमचं घरही तळमजल्यावर आहे."

मग ताईनं मांडीवरची पर्स सरळ केली, चष्मा वर ढकलला आणि म्हणाली, "तसं बघायला गेलं तर भावना वेगळ्या आणि व्यवहार वेगळा. गाडीला शेवटी आयुष्य असतंच. दादा म्हणतो त्यात तथ्य आहे."

बालपण संपलं. एवढ्या झटपट मोठं होणारं माणूस विरळाच.

"वा गं वा!" म्हातारा ओरडला. "शाब्बास माझ्या वाघिणी!"

"बाबा, चिडू नका, तुमचा बीपी वाढेल."

राहिला धाकटा. धाकट्याला गाडी हवी होती. त्याच्या डोक्यात फिरतं कॉफीचं दुकान होतं. बाजूचा दरवाजा उचलून त्याची फळी करायची, वर दिव्यांची माळ, तरुण पोरापोरींची गर्दी. याआधी त्याच्या डोक्यात टी-शर्ट छापायचं यंत्र होतं आणि त्याच्याही आधी मासे पाळणं होतं. मासे मेले, यंत्र माळ्यावर आहे.

"माझं म्हणणं दुरुस्त करा," तो म्हणाला. "संध्याकाळी मी वापरीन. सकाळी लॉन्ड्री, संध्याकाळी कॉफी. एका दगडात दोन पक्षी."

"झालं की मग," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात गूळ होता. "तू वापरणार तर तूच चालव. पहाटे उजाडायच्या आत हॉस्पिटलचा माल उचलायचा, मग दोन हॉटेलं, मग वसतिगृह. मधली घरी बाबांजवळ. काय?"

"पहाटे?"

"पहाटे. ओल्या चादरी. एकेक गठ्ठा उचलून बघ, कॉफी विसरशील."

धाकट्यानं जरा विचार केल्यासारखं केलं. "तसं कॉफीचं हल्ली फार झालंय सगळीकडे," तो म्हणाला. "विका."

म्हातारा सोडला तर सगळे एका बाजूला झाले. गावात पंचायत बसवून जे जमत नाही ते या कुटुंबानं चहा थंड व्हायच्या आत जमवलं होतं. आणि यात एकानंही मागं वळून बघितलं नाही.

मागं मधली बसली होती आणि ऐकत होती. तिच्या हातात गाडीची किल्ली होती, आणि डोक्यात बसडेपोच्या साहेबाचं वाक्य होतं. आज दुपारपर्यंत हो की नाही सांगा, नाहीतर मी पुढच्या उमेदवाराला बोलावतो. मोठी बस चालवायची परीक्षा तिनं दिली होती, पास झाली होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. लपवायला काही करावंच लागलं नाही तिला. माल पोचवून आल्यावर ही बाई कुठं जाते, हे विचारायची पद्धतच नव्हती.

तरी तिनं डेपोला होकार दिला नव्हता. तिला हे काम आवडायचं. पहाटेचे रिकामे रस्ते, हॉटेलच्या मागच्या दाराशी भांडी घासणाऱ्या बायकांचे टोमणे, हॉस्पिटलमधली ती खडूस मेट्रन, जी चादर उन्हाकडं धरून डाग शोधते आणि डाग नाही सापडला की रागावते. नवरा होता तेव्हा दोघं मिळून हाच फेरा मारायची. तो गठ्ठे फेकायचा, ती झेलायची. तो गेल्यावर ती एकटीनं उचलायला लागली आणि पाठीला सवय झाली. या घरानं नसेल धरली माया, तिनं धरली होती. म्हणून तिनं काल रात्री स्वतःशीच एक सौदा केला होता. उद्या बैठकीत एकानं, कुणीही एकानं, नुसतं विचारलं, 'मधले, तुझं काय म्हणणं आहे?' तर डेपोला नाही सांगायचं आणि इथंच राहायचं. मग गाडी विका, ठेवा, काहीही करा. सौदा वेडगळ होता हे तिला कळत होतं. पण तिची मागणी एवढीच होती, आणि एवढी छोटी मागणी फुकट जाणार नाही असं तिला मनापासून वाटत होतं. आता एवढ्या वेळात तिचा विषय कितीदा तरी निघाला होता. मोकळी होईल, मायेनं करेल, घरी राहील. जणू तीही गाडीबरोबर आलेला एखादा सुटा भाग होती.

"मी अजून मेलो नाही," म्हातारा म्हणाला. आवाज आता पूर्वीचा नव्हता. "गाडी माझ्या नावावर आहे."

त्याच्या मनात काय होतं ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि ती अगदी मागं, मालात बसली होती. दर बुधवारी मधली त्याला पुढच्या सीटवर बसवून फेऱ्याला न्यायची. पट्टा बांधायची, हातात पाण्याची बाटली द्यायची. अख्ख्या रस्ताभर तो तिच्या चुका काढायचा. गिअर उशिरा टाकलास, वळण लवकर घेतलंस, त्या सायकलवाल्याला हॉर्न दे. एक शब्द कौतुकाचा नाही. पण मंगळवारी संध्याकाळपासून तो दाढी करून बसलेला असायचा. घरात सगळे त्याला उचलून ठेवायचे आणि गाडीत तो स्वतः कुठंतरी जायचा, एवढाच त्याचा सगळा हट्ट होता. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, ज्या पोरीमुळं मला आठवड्यातून एक दिवस माणसात यायला मिळतं तिला विचारा. म्हातारा म्हणाला, "ती चालवील. तिला काय धाड भरलीय?"

थोरला उत्तर देणार तोच कुणीतरी गाडीच्या नाकावर दोनदा थाप मारली.

बाहेर एक माणूस उभा होता. बुटांना चिखल, नखांत माती, खांद्याला मोजपट्टी अडकवलेली. थोरल्याचा चेहरा पडला. "लवकर आलात," तो काच खाली करून पुटपुटला.

"हे कोण?" ताईनं विचारलं.

"रोपवाटिका आहे माझी, नदीपलीकडं," तो माणूसच म्हणाला. "यांनी शुक्रवारी फोन केला होता. म्हणाले, विकायचं पक्कं आहे, रविवारी येऊन बघून जा."

"शुक्रवारी?" ताई म्हणाली. "म्हणजे आम्ही इथं काय देखावा करायला बसलोय?"

"मी नुसतं विचारून ठेवलं होतं," थोरला म्हणाला.

"ताकाला जाऊन भांडं लपवायची सवयच आहे दादाला," धाकटा म्हणाला. त्याला एकदम मजा वाटायला लागली होती.

रोपवाटिकावाल्याला त्यांच्या भांडणात रस नव्हता. त्यानं वाकून खाली पाहिलं, पत्र्यात बोट घातलं, बोट आरपार गेलं. त्यानं मोजपट्टी काढून छताची लांबी मोजली. "खटारा झालाय पार," तो म्हणाला. "पण आमचं भागेल. मला कुठं चालवायचीय? इंजिन काढून भंगारात देईन, छप्पर कापून वर काच बसवीन आणि बांधाला उभी करीन. आत टोमॅटोची रोपं. थंडीत उबेला बरी."

मग जे झालं ते फक्त याच कुटुंबात होऊ शकतं.

"टोमॅटो?" थोरला म्हणाला. तो, जो थोड्या वेळापूर्वी हिच्या पत्र्याला चाळणी म्हणत होता. "अहो, ही गाडी काय समजलात तुम्ही? माझ्या बापानं रक्ताचं पाणी करून घेतलीय!"

"या गाडीत माझी पाठवणी झाली," ताई म्हणाली. बालपण परत आलं होतं, आता लग्नासकट.

"खटारा कुणाला म्हणता?" थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "स्वतःचे बूट बघा आधी."

"इंजिन काढणार म्हणे!" धाकटा ओरडला. त्यानं आजवर या इंजिनात पाणीसुद्धा घातलं नव्हतं.

आणि म्हातारा हसला. त्याचं अर्धं तोंड हसलं, अर्ध्यानं साथ दिली नाही, पण हसला. पोरं पुन्हा त्याच्या बाजूला आली होती. कशासाठी आली याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. नाहीतरी आयुष्यभर त्यानं त्यांना प्रेमानं कमी आणि अपमानानं जास्त एकत्र आणलं होतं.

"विकायची नाही," थोरल्यानं जाहीर केलं. "आमचं ठरलं. दुरुस्त करायची."

"एकमतानं," ताई म्हणाली.

"पण मग माझ्या कमरेचं?" थोरलीला आपला मूळ मुद्दा आठवला.

त्यावरही या मंडळींनी तोडगा काढला, आणि काय तोडगा! अशी बुद्धी एका घरात एवढी साठलेली बघून थक्क व्हावं. "सोपं आहे," थोरला म्हणाला. "पहाटे ती माल उचलेल, नेहमीसारखं. दुपारी घरी आली की तिथून पुढं बाबांचं सगळं ती बघेल. रात्रीसुद्धा त्यांच्याच खोलीत झोपेल. म्हणजे गाडी राहिली आणि तुझी कंबरही सुटली."

"आणि शनिवारी मला कपाट हलवायचंय," ताई म्हणाली.

"संध्याकाळी मी गाडी नेईन, तिनं फक्त धुऊन ठेवावी," धाकटा म्हणाला.

"चालेल," म्हातारा म्हणाला. "काचा खाली करा, गुदमरतंय."

रोपवाटिकावाला एव्हाना मागच्या बाजूला गेला होता. त्याला यांचा निकाल ऐकूच आला नसावा, किंवा आला असेल तरी अशा माणसांचे निकाल किती टिकतात याचा त्याला अंदाज असावा. त्यानं मागचा दरवाजा उघडला. समोर गठ्ठ्यांना टेकून एक बाई बसलेली पाहून तो दचकला. मग त्याची नजर तिच्या हातातल्या किल्लीवर गेली.

"तुम्ही चालवता होय?" तो म्हणाला. "मग तुम्हीच सांगा ना. इंजिनात दम आहे का अजून? तुमचं काय म्हणणं आहे?"

"तिला काय विचारता?" थोरला मधल्या बाकावरून म्हणाला.

"तिला त्यातलं काही कळत नाही," थोरली म्हणाली.

"आमचं ठरलंय," ताई म्हणाली.

"ती नाहीच म्हणणार," धाकटा म्हणाला.

चौघं एकदम बोलली. आणि मधलीला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले आणि त्या डोळ्यांचाच तिला संताप आला. एवढी वर्षं या घरात राबून एक वाक्य मागितलं होतं, आणि ते म्हणायला टोमॅटोवाला यावा लागला. राग आला तिला, सगळ्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला, की आपण सौदा करायला बसलो तोही अशा दिवाळखोर माणसांशी. ती गठ्ठ्यांमधून उठली आणि मागच्या दारातून बाहेर आली.

"इंजिन काढू नका," ती त्या माणसाला म्हणाली. "चांगलं आहे. क्लच बदला, खाली नवा पत्रा टाका, अजून पुष्कळ पळेल. थंडीत सकाळी लगेच चालू होत नाही, पहिल्यांदा जरा दम धरावा लागतो, रागावून किल्ली फिरवायची नाही. गाडीत खोट काही नाही. घेतलीत तर एवढंच करा, माणसं आधी उतरवून घ्या."

तो माणूस बघतच राहिला. 

मधली बाजूनं पुढं आली. धाकटा दाराशी आला होता, तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "हॉटेलचा माल मागच्या दारानं. पुढच्या दारानं गेलास तर हाकलून देतील. मेट्रनला नमस्कार कर, वाद घालू नको."

"म्हणजे?" धाकटा म्हणाला. "तू कुठं चाललीस?"

"डेपोत. मला बसवर घेतलंय. उद्यापासून."

"घेतलंय?" थोरला गाडीतून अर्धा बाहेर आला. "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही," मधली म्हणाली. "तुमच्याच घरात शिकले."

ताई, थोरली, दोघीही आता खाली उतरल्या होत्या. रीतीप्रमाणं निकाल लागला होता, त्यामुळे उतरायला हरकत नव्हती. म्हाताऱ्याला उतरता येत नव्हतं. तो पट्ट्यात अडकून खिडकीतून मान बाहेर काढत होता.

"पोरी," तो म्हणाला. "आणि बुधवारी?"

ती थांबली. सकाळपासून ऐकलेल्या सगळ्या बोलण्यात हे एकच तिच्या काळजाला लागलं. तिला वाटलं, तो पुढं काहीतरी म्हणेल. तिनं वाटही बघितली. म्हाताऱ्यानं ओठ हलवले, थोरल्याकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं, आणि मग म्हणाला, "बुधवारी मला कोण नेणार?"

तिनं फाटक उघडलं.

"अगं, थांब!" ताई मुख्याध्यापिकेच्या आवाजात ओरडली. "अशी कशी जातेस? बाबांचं कोण करणार?"

"तुमचे वडील आहेत, ताई," मधली म्हणाली आणि डेपोच्या रस्त्याला लागली.